हसायचं कोणावर? राजकीय विनोद, टीव्हीवरच्या गप्पा आणि पक्ष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, ब्रह्मपुरी ते वडसा या भागातल्या गावांत मी बरीच वर्षं प्रहसनं लिहितो आणि बसवतो. मंडई (दिवाळीनंतरची गावजत्रा), शारदोत्सव, गणपती, शाळेचं स्नेहसंमेलन, जिथे बोलावतील तिथे. त्यामुळे फोन येतात. कोणी मंडळाचा कार्यकर्ता असतो, कोणी कॉलेजात नकला करणारा पोरगा, कोणी घरच्या ग्रुपवरच्या भांडणाला कंटाळलेली ताई. निवडणूक जवळ आली की तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतो आहे. प्रश्नांची भाषा जशी आली तशीच ठेवली आहे.

१. राजकीय विनोद म्हणजे नेमकं काय? पुढाऱ्याची नक्कल केली का झालं का?

नक्कल हे फक्त साधन आहे. आवाज जमला, दुपट्टा सावरण्याची लकब जमली की लोक हसतातच, पण त्यात राजकारण यायला त्या माणसाने खुर्चीवर बसून केलेलं किंवा न केलेलं काम लागतं. सरपंच बोलताना अडखळतात, म्हणून त्यांचं अडखळणं करून दाखवलं तर ती टिंगल झाली. तेच सरपंच नळाला पाणी नाही म्हणा, नाली तुंबली म्हणा, दिवा गेला म्हणा, प्रत्येकाला "प्रस्ताव पाठवला आहे" एवढंच सांगतात, हे रंगवलं तर तो राजकीय विनोद. दुसऱ्या प्रकारात सरपंच बदलले तरी प्रहसन चालतं, यावरूनही फरक ओळखता येतो.

२. हे सगळं टीव्ही आल्यावर सुरू झालं ना? गावात आधी कुठं होतं असं?

आधीपासून होतं, आणि टीव्हीपेक्षा चांगलं होतं असं माझं मत आहे.

पोळ्याच्या झडत्या घ्या. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या असतात, वाजंत्री थांबते, आणि कोणीतरी पुढे होऊन झडती, म्हणजे यमक जुळवलेल्या ओळी, म्हणतो. भाव नाही, पाऊस नाही, पुढारी फिरकला नाही, सगळं त्यात येतं. माझ्याच एका झडतीचा नमुना देतो:

धान भिजला पाण्यात, बोनस रायला कागदात,
मत मांगाले आला तो, मंग नाई दिसला गावात,
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!

यात पक्षाचं नाव नाही, पण ऐकणाऱ्या प्रत्येकाला माणूस कळतो. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. ज्याच्यावर झडती आहे त्याचीही जोडी त्याच तोरणाखाली उभी असते. तो ऐकतो, आणि अंगात रग असली तर उलट झडती टाकतो. म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या शेजारच्या बांधावर काम करायचं असतं, म्हणून तो खोटं रचत नाही.

नागपूरची मारबत हे याचंच शहरी रूप. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे, म्हणजे आणखी पुतळे असतात, आणि त्या बडग्यांवर महागाई, भ्रष्टाचार, त्या वर्षीचा गाजलेला पुढारी असं काहीही चढतं. १८८० च्या दशकापासून ही मिरवणूक चालत आली आहे. सरकारं इंग्रजांची होती तेव्हाही, नंतर सगळ्या पक्षांची आली तेव्हाही. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" हे गावोगावी म्हटलं जातं, त्यात इडा कोण आणि पिडा कोण हे दरवर्षी लोक ठरवतात.

दंडार आणि खडी गंमत ही आपली लोकनाट्यं आहेत. शेंडगावच्या गाडगेबाबांचं कीर्तन आहे. ते लोकांनाच प्रश्न विचारायचे, लोकांच्याच तोंडून उत्तर काढायचे, आणि हसता हसता माणूस खाली मान घालायचा. रंगभूमीवर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ साली आलं. गोष्ट महाभारतातली होती, पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. ते विनोदी नाटक नव्हे, तरी नाव न घेता नेम कसा धरायचा हे त्यातून शिकावं.

३. आमच्या पक्षावर जोक केला का डोस्कं फिरते, दुसऱ्यावर केला का पोट धरून हसतो. असं काहून होते?

कारण आपण विनोद ऐकायच्या आधी तो कोणावर आहे ते पाहतो. आपल्या माणसाची फजिती झाली की ती आपली वाटते. समोरच्याची झाली की तो न्याय वाटतो. विनोद तोच, पण मनाने आधीच जागा धरलेली असते.

याहून विचित्र गोष्ट पुढे आहे. एकच विनोद दोन बाजूंचे लोक दोन अर्थांनी ऐकतात, आणि दोघांनाही तो आपल्याच बाजूचा वाटतो. अमेरिकेत १९७१ पासून 'ऑल इन द फॅमिली' नावाची मालिका चालायची. तिच्यात आर्ची बंकर नावाचा जुन्या मताचा, काळ्या लोकांविषयी आकस बाळगणारा बाप होता. त्याच्या आकसाला लोकांनी हसावं हा करणाऱ्यांचा हेतू. विडमार आणि रोकीच या अभ्यासकांनी १९७४ साली पाहिलं तर ज्यांच्या मनात तोच आकस होता त्यांना आर्ची आवडत होता, वादात तोच जिंकतो असं वाटत होतं.

२००९ साली अमेरिकेतल्याच स्टीफन कोल्बेअर या विनोदकाराच्या टीव्ही कार्यक्रमावर असाच अभ्यास झाला. कोल्बेअर तेव्हा पडद्यावर उजव्या विचाराच्या फुशारकीखोर निवेदकाचं सोंग घ्यायचा. दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांना तो सारखाच विनोदी वाटला. पण उदारमतवाद्यांना ते सोंग वाटलं, आणि परंपरावाद्यांपैकी बऱ्याच जणांना वाटलं की हा हसवण्याचं फक्त दाखवतो, बोलतो ते त्याच्या मनातलंच आहे.

मी हे स्वतः पाहिलं आहे. एका प्रहसनात मी असा कार्यकर्ता उभा केला जो नेत्याचा फोटो देवघरात ठेवतो. एका गटाचे लोक येऊन म्हणाले, "सर, त्यांची बरी जिरवली." दुसऱ्या गटाचेही लोक आले आणि तेच म्हणाले.

४. मंग विनोदानं कोनाचंच मत बदलत नाही? मेहनत फुकट?

मत देण्याची जागा बदलणारा माणूस मला तरी प्रहसन पाहून भेटलेला नाही. पण विनोद दुसरं काम करतो. ज्या गोष्टीबद्दल बोलायची चोरी असते ती चारचौघांत बोलण्याजोगी होते. धान खरेदी केंद्रावर वजनकाट्याचा खेळ सगळ्यांना ठाऊक असतो, पण काट्यासमोर कोणी बोलत नाही. रंगमंचावर तो काटा आला आणि पाचशे लोक एकदम हसले की प्रत्येकाला कळतं, हे फक्त मलाच खुपत नव्हतं. दुसऱ्या दिवशी चहाटपरीवर विषय निघतो. माझ्या लेखी मेहनत वसूल होते ती इथे.

५. विनोद करणाऱ्यानं निष्पक्ष असलं पाहिजे का? दोघांवर बरोबर मोजून जोक करायचे का?

मोजून केलेले विनोद बेचव होतात. तराजू समान राहावा म्हणून ज्याने काही केलं नाही त्यालाही ओढून आणावं लागतं. ज्याच्या हातात सत्ता जास्त त्याच्यावर विनोद जास्त होणार. सत्ता फिरली की नेमही फिरला पाहिजे, एवढंच मी मागतो.

बाजू असणं आणि पक्षाचं असणं यांत फरक आहे. गाणी आणि सोंगांतून लोकांना जागं करणारे सत्यशोधक जलसे आणि नंतरचे आंबेडकरी जलसे यांना ठाम बाजू होती, दबलेल्या माणसाची. त्या बाजूमुळे त्यांच्या विनोदाला धार आली. दुसरीकडे 'मार्मिक' पाहा. बाळ ठाकरे यांनी १९६० साली हे व्यंगचित्रांचं साप्ताहिक काढलं, सहा वर्षांत त्यातून शिवसेना उभी राहिली. विनोदातून अख्खा पक्ष जन्माला येऊ शकतो याचं एवढं ठळक उदाहरण आपल्या राज्याबाहेर शोधावं लागेल. पण व्यंगचित्रकार स्वतःच पक्षप्रमुख झाला की त्या पक्षाचं व्यंगचित्र कोण काढणार, हा प्रश्न उरतोच.

पक्षीय विनोद ओळखायला मी गोसेखुर्दचं माप वापरतो. वैनगंगेवरच्या या धरणाचं भूमिपूजन १९८८ साली झालं, तेव्हा अंदाजित खर्च ३७२ कोटींचा होता. आता तो हजारो कोटींत गेला आहे आणि आपल्या कित्येक शिवारांत कालव्याच्या जागी अजून बेशरमीची झुडपं आहेत. एवढ्या काळात जवळपास प्रत्येक मोठ्या पक्षाने राज्यात सत्ता भोगली. आता कोणी गोसेखुर्दवर प्रहसन लिहून आणलं की मी बघतो, त्याने कोणती वर्षं मोजली. प्रामाणिक लेखक १९८८ पासून मोजतो. पक्षाचा लेखक फक्त समोरच्यांची वर्षं मोजतो आणि आपली गाळतो. त्यातली वाक्यं खोटी नसतात, म्हणून ते पकडायला अवघड जातं.

६. अमेरिकेत रात्रीचे विनोदी गप्पांचे कार्यक्रम असतात. ते एका एका पक्षाचे कसे झाले?

आधी तसे नव्हते. जॉनी कार्सनने १९६२ पासून १९९२ पर्यंत 'द टुनाइट शो' चालवला. तेव्हा मोठ्या वाहिन्या तीनच होत्या, त्यामुळे अख्खा देश एकत्र बसून पाहायचा. तो दोन्ही पक्षांना चिमटे काढायचा आणि आपलं मत झाकून ठेवायचा, कारण अर्धे प्रेक्षक रागावून परवडणारे नव्हते.

मग दोन गोष्टी झाल्या. नभोवाणी आणि टीव्हीने वादाच्या विषयावर दोन्ही बाजू मांडाव्यात असा तिथे नियम होता, तो १९८७ साली रद्द झाला. पुढच्याच वर्षी रश लिंबॉचा उजव्या विचाराचा रेडिओ कार्यक्रम देशभर सुरू झाला. शिवाय केबलमुळे वाहिन्या वाढल्या. अख्खा देश मिळणं शक्य राहिलं नाही, पण थोडे आणि पक्के प्रेक्षक मिळाले तरी धंदा चालू लागला. पक्के प्रेक्षक मिळवण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्यांच्या बाजूचं बोलणं. जॉन स्टुअर्टने १९९९ साली 'द डेली शो' हातात घेतला आणि बातमीवरच्या विनोदाला डाव्या बाजूचा मोठा प्रेक्षक मिळाला. उजव्या बाजूने बराच काळ रागाच्या बोलण्यावर भागवलं. २०२१ साली फॉक्स न्यूजवर ग्रेग गटफेल्डचा रोजचा विनोदी कार्यक्रम सुरू झाला, आणि तोही जोरात चालला.

याची किंमतही मोजावी लागली. जुलै २०२५ मध्ये सीबीएस वाहिनीने कोल्बेअरचा 'लेट शो' मे २०२६ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं. कंपनीने कारण पैशाचं दिलं, टीकाकारांनी सरकारच्या मर्जीचं सांगितलं. सप्टेंबर २०२५ मध्ये जिमी किमेलचा असाच कार्यक्रम एबीसी वाहिनीने थांबवला आणि आठवड्याभरात परत सुरू केला.

आपल्याला यातून घ्यायचं ते एवढंच: तोरणाखाली दोन्ही जोड्या होत्या तोवर विनोदाला लगाम होता. जोड्या वेगवेगळ्या मैदानात गेल्या तेव्हा तो सुटला.

७. आपल्या मराठी वाहिन्यांवर नवराबायको, शेजारी, सासूसून यांच्यावर विनोद भरपूर. पक्षांवर एवढा कमी कसा?

घरातल्या विनोदावर कोणी मोर्चा आणत नाही. वाहिनीला जाहिरात लागते, त्यात सरकारी जाहिरातही आली. परवाने लागतात. सत्ता राज्यात एकाची, महापालिकेत दुसऱ्याची, स्टुडिओच्या गल्लीत तिसऱ्याची असते. अशा वेळी लिहिणारा माणूसच कात्री हातात घेऊन बसतो, कोणी सांगायची गरज पडत नाही.

मुलाखतीच्या कार्यक्रमांची गोष्ट वेगळी आहे. 'खुपते तिथे गुप्ते' २०२३ साली परत आला तेव्हा राजकीय नेते त्यात पाहुणे म्हणून आले. अशा कार्यक्रमात नेता गाणं म्हणतो, लहानपण सांगतो, डोळे पुसतो. त्याच्या बाजूचा प्रेक्षक विरघळतो, विरोधी बाजूचा चिडून चॅनेल बदलतो. नेता माणूस म्हणून दिसण्यात वाईट काही नाही. मी घरी पाहताना पोरांना एकच सांगतो, न विचारलेले प्रश्न वहीत लिहा. तासाभराच्या गप्पांत धानाचं, कापसाचं, सिंचनाच्या अनुशेषाचं एकदा तरी आलं का, ते बघा.

८. रात्रीच्या चर्चेत पाच जण एकदम ओरडतात, आमच्या घरी त्याच्यावरच लोक हसतात. तो विनोदी कार्यक्रम समजायचा का?

नाही. तिथे हसणारा हतबल होऊन हसतो. विनोद करणाऱ्याने विचार करून काहीतरी उघडं केलेलं असतं. तिथे पाच आवाजांखाली उलट झाकलं जातं.

९. पुढारी स्वतःच भाषणात एवढे हसवतात, मग वेगळा विनोदकार कशाला पाहिजे?

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांच्या सभा आठवा. "लाव रे तो व्हिडिओ" म्हणायचं, पडद्यावर जुनं आश्वासन दाखवायचं, मग आजची स्थिती. टीव्हीवरचा विनोदी कार्यक्रम जशी जुनी चित्रफीत काढून विसंगती दाखवतो, तसाच तो आराखडा होता, आणि गंमत म्हणजे त्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाचा एकही उमेदवार नव्हता. सभा तुडुंब भरल्या, पण ज्यांच्यावर टीका केली तेच जिंकले. प्रश्न ४ चं उत्तर इथेही लागू पडतं.

विनोदकार तरीही लागतो. पुढाऱ्याच्या विनोदाला एक बाजू कायम माफ असते, त्याची स्वतःची. आणि सभेला त्याचेच लोक आलेले असतात.

१०. पक्ष फुटले, तवापासून कोनावर हसावं तेच समजत नाही. जुने जोक चालत नाही. काय करावं?

जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. त्या काळात मंडळांचे फोन मला सर्वांत जास्त आले. कालपर्यंत ज्याच्या भ्रष्टाचारावर प्रहसन होतं तो आज आपल्याच बाजूला येऊन बसला, आता संहितेचं काय करायचं? ऑगस्ट २०२२ च्या अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर "पन्नास खोके, एकदम ओके" ही घोषणा झाली आणि काही दिवसांत ती पोरासोरांच्या तोंडी बसली. त्या वर्षी एका मंडळाने अख्खं प्रहसन त्या घोषणेभोवती लिहिलं. पुढच्या वर्षी ते कोणाला करता येईना, कारण हसणारे आणि चिडणारे यांची अदलाबदल झाली होती.

माझं सांगणं असं: पक्षाच्या नावाला टांगलेला विनोद पक्षासोबत फुटतो. कृतीला टांगलेला टिकतो. "अमक्या पक्षाचा चोर" लिहाल तर दरवर्षी नाव खोडावं लागेल. "रात्री एका घरी जेवून सकाळी दुसऱ्या घरी हात धुणारा पाहुणा" लिहाल तर तो पाहुणा कोणत्याही वर्षी ओळखू येईल.

११. आमच्या ग्रामपंचायतीत तर पक्षच नाई. मग हे सगळं आम्हाले कसं लागू होते?

जास्त लागू होतं. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, पॅनेल असतात. पण पॅनेलच्या मागे भावकी असते, मोहल्ला असतो, जुनं धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण असतं. मुंबईतल्या पुढाऱ्यावर विनोद केला तर तो ऐकायला येत नाही. पॅनेलप्रमुख पहिल्या रांगेत बसलेला असतो, आणि त्याची लेक कदाचित तुमच्याच घरात सून असते.

म्हणून गावातल्या विनोदाला मी तीन बंधनं घालतो. जात काढायची नाही. घरातलं आजारपण, कर्ज, आत्महत्या आणायची नाही. आपल्या जिल्ह्यांत हे सांगायची वेळ यावी याचंच दुःख आहे, पण एकदा एका पोराने कर्जावरचा विनोद लिहून आणला होता आणि समोरच्या रांगेत तसंच घर बसणार होतं. तिसरं, ज्याच्यावर विनोद आहे त्याला आमंत्रण द्यायचंच. तो येणार आहे हे डोक्यात ठेवून लिहिलेली संहिता आपोआप सुधारते.

१२. मंडईच्या नाटकाला पैसे देणारा एका पक्षाचा आहे. तो म्हणते हा सीन काढा. काय करावं?

मी काय केलं ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गावात प्रश्न ४ मधल्या त्या काट्याचा प्रवेश होता. मोठी देणगी दिलेल्या एका माणसाचा आदल्या रात्री निरोप आला. मी प्रवेश काढला. नाटक झालं, टाळ्या झाल्या, आणि काट्यावाल्याची भूमिका करणारा पोरगा रंगपटात तयार होऊन पहाटेपर्यंत बसून राहिला. मी त्याला काही सांगू शकलो नाही. त्यानंतर मी देणगीचा हिशेब आधी विचारतो, मग हो म्हणतो.

उपाय साधे आहेत. एकाच्या मोठ्या रकमेपेक्षा घरटी वर्गणी बरी. संहिता मंडळाच्या बैठकीत आधी वाचून मंजूर करा, म्हणजे आदल्या रात्री एकट्या लेखकावर दाब येत नाही. झाडीपट्टीत उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख अतिथी अशी लांबलचक यादी छापायची आपली रीत आहे, तिचा उपयोग करा. सगळ्या गटांचे पुढारी एकाच पत्रिकेवर घ्या. सत्कार आधी उरका आणि त्यांना मंचावरून खाली, प्रेक्षकांत बसवा. शेजारी विरोधक हसत असला की माणूस उठून जायला संकोचतो.

१३. जोक केला म्हणून खरंच गुन्हा दाखल होतो का? कोणत्या पक्षाच्या राज्यात जास्त भीती आहे?

होतो. आणि पक्षाचं विचाराल तर ही यादी वाचा.

एप्रिल २०१२, पश्चिम बंगाल, तृणमूलचं सरकार: ममता बॅनर्जींवरचं व्यंगचित्र पुढे पाठवलं म्हणून प्राध्यापक अंबिकेश महापात्रा यांना अटक. सप्टेंबर २०१२, मुंबई, काँग्रेस आणि राष्ट्रवादीचं सरकार: व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांच्यावर राजद्रोहाचा गुन्हा. जानेवारी २०२१, इंदूर, भाजपचं सरकार: विनोदकार मुनव्वर फारुकी अटकेत, जामीन फेब्रुवारीत थेट सर्वोच्च न्यायालयातून. मे २०२२, महाविकास आघाडीचं सरकार: शरद पवारांवरच्या पोस्टवरून अभिनेत्री केतकी चितळे महिन्याहून जास्त काळ आत. मार्च २०२५, महायुतीचं सरकार: विनोदकार कुणाल कामरा यांनी एकनाथ शिंदे यांच्यावर विडंबनगीत म्हटलं, तर खारमधल्या त्या स्टुडिओची शिवसैनिकांनी तोडफोड केली आणि कामरांवर गुन्हा दाखल झाला.

मला यात सगळ्यांत जास्त टोचतं ते असं: प्रत्येक वेळी अर्धे लोक म्हणाले "विनोद तर होता", अर्धे म्हणाले "बरं झालं". पुढच्या घटनेत त्याच लोकांनी वाक्यं अदलून घेतली. पक्षाचा चष्मा विनोदावर असतो तसाच अटकेवरही असतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. विनोदकारांवर साधारण लागतात ती कलमं अशी: मानहानी ३५६, शांतताभंग होईल असा हेतुपुरस्सर अपमान ३५२, अफवा किंवा चिथावणीचं विधान ३५३, गटागटांत तेढ १९६, धार्मिक भावना २९९. जातीवाचक बोलणं असेल तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ लागतो, आणि तिथे "गंमत केली" हे उत्तर कामी येत नाही. येऊही नये. नोटीस आलीच तर ग्रुपवर उत्तर देत बसू नका, वकिलाकडे जा.

१४. मी फक्त फॉरवर्ड केलं, बनवलं नाई. तरी अडकतो का?

अडकू शकता. वरच्या प्रश्नातल्या महापात्रांनी ते व्यंगचित्र काढलेलं नव्हतं, फक्त पुढे पाठवलं होतं. प्रकरणातून पूर्ण सुटका व्हायला त्यांना जानेवारी २०२३ उजाडला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ, ज्याखाली अशा बऱ्याच अटका झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्येच रद्द केलं आहे. ते लावल्याचं कोणी सांगितलं तर हे लक्षात ठेवा. विनोद म्हणून आलेला कापलेला व्हिडिओ पाठवण्याआधी पूर्ण भाषण कुठे आहे ते शोधा. न सापडलं तर पाठवू नका.

१५. आचारसंहिता लागली असताना प्रहसन करता येते का?

करता येतं, पण परवानगी घ्या आणि संहितेची एक प्रत जवळ ठेवा. आदर्श आचारसंहितेनुसार उमेदवार आणि पक्षांनी टीका धोरणांवर, कार्यक्रमावर, मागच्या कामावर करायची असते, खासगी आयुष्यावर नाही. ती आपल्यालाही उत्तम पट्टी आहे. देवळाच्या सभामंडपात प्रचार चालत नाही, म्हणून त्या दिवसांत मारुतीच्या पारावर राजकीय प्रहसन नको. एखाद्या उमेदवाराने पैसे दिले तर ते प्रहसन राहत नाही, प्रचार होतो, आणि तो त्याच्या खर्चात धरला जाईल.

१६. टीव्हीवर वऱ्हाडी बोलणारा दिसला का तो बावळटच असते. यालेही पक्षपात म्हणायचं का?

पक्षाचा नाही, प्रदेशाचा पक्षपात आहे, आणि तो मला पक्षाच्या इतकाच लागतो. "काऊन बे" म्हटलं की स्टुडिओत हशा. त्या माणसाने काय म्हटलं ते ऐकायची गरजच उरत नाही. कापसाच्या भावाचं दुःख वऱ्हाडीत सांगितलं तरी लोक हेलावर हसतात. भारत गणेशपुरे यांच्यासारख्या कलावंतांनी ही बोली घराघरांत नेली, हे मोठं काम. आपल्याकडे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, झाडीपट्टीत विनोदी भूमिकांनी त्यांना ओळख दिली. पण आपल्याच नाटकांत पुष्कळदा नायक पुस्तकी बोलतो आणि झाडीबोली हसवणाऱ्या पात्राच्या वाट्याला येते. मी आता मुद्दाम उलटं लिहितो. कलेक्टरला झाडीबोली देतो आणि दलालाला शुद्ध मराठी. पहिल्या प्रयोगाला लोक गोंधळतात, तिसऱ्याला सरावतात.

१७. बाई सरपंच झाली का सगळे जोक तिच्या नवऱ्यावर, नाहीतर तिच्या साडीवर. आम्ही काय करावं?

हा प्रश्न एका सरपंच ताईंचाच आहे. ताई, नवऱ्यावरचा विनोद थोडा खरा असतो, कारण ग्रामसभेत खुर्चीवर तुम्ही आणि बोलायला भाऊजी, असं बऱ्याच गावांत चालतं. तो विनोद भाऊजींवर होऊ द्या. साडीवरचा मात्र मंचावरच थांबवायचा. महिला मंडळाने हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात स्वतःचं प्रहसन बसवावं, संहिता मी लिहून देतो. ज्यांच्यावर हसतात त्यांनी लिहायला घेतलं की नेम बदलतो, हे मी दोन गावांत पाहिलं आहे.

१८. आमचे मोठे भाऊजी घरच्या ग्रुपवर रोज एकाच पक्षावरचे जोक टाकतात. माझा नवरा दुसऱ्या पक्षाचा. दिवाळीत जेवायला बसलो तरी बोलत नाहीत. ग्रुप सोडू का?

सोडू नका. ग्रुपवर उलट विनोदही टाकू नका. तिथे तोरण नाही, समोरच्याचा चेहरा दिसत नाही, म्हणून प्रत्येक विनोद आधीच्यापेक्षा कडू होत जातो.

यंदा पोळ्याला भाऊजींना गावी बोलवा. दोघांनाही एकेक झडती म्हणायला सांगा, अट एकच: स्वतःच्या पक्षावर. आमच्या मोहल्ल्यात दोन चुलतभावांनी हे केलं. पहिल्याला तीन दिवस एक ओळ सुचली नाही. त्याने शेवटी आपल्या आमदाराने उद्घाटन केलेल्या आणि महिन्यात खचलेल्या पुलावर म्हटलं, आणि दुसरा एवढा हसला की त्याची स्वतःची झडती म्हणायची राहून गेली. पुढच्या पोळ्याला त्याची पाळी आहे.